सापाच्या पिल्लाचे घर



मृग सरून आर्द्रा लागल्या की बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या आपल्या मुलखात सापांची पिल्ले दृष्टीस पडू लागतात. उन्हाळ्यात मादीने वारुळात, पाचटाच्या ढिगात किंवा जुन्या भिंतीच्या खबदाडात घातलेली अंडी पावसाच्या सुमारास फुटतात. नागाच्या अंड्यांना उबण्यास साधारण दोन महिने लागतात. घोणस आणि फुरसे यांची तऱ्हा वेगळी. ती अंडी बाहेर न घालता जिवंत पिल्लेच प्रसवतात आणि घोणशीला एका वेळी वीस-तीस पिल्ले होणे हे काही नवल नव्हे. वीत-दीड वीत लांबीचे हे जीव मग परसात, वखारीच्या पायरीखाली, गुऱ्हाळाच्या चिपाडात, न्हाणीघराच्या मोरीत आढळतात. आणि दर गावात एखादा तरी धीट मुलगा असा असतोच, की जो असे पिल्लू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून घरी आणतो आणि विचारतो, "आई, हे आपण पाळू या का? याला ठेवायचे कुठे?"

या प्रश्नाला घरात बहुधा उत्तर मिळत नाही. किंकाळी मिळते, आणि पाठोपाठ काठी. वास्तविक मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. सापाच्या पिल्लाला राहण्यास काय लागते, हे ज्याला नीट समजले त्याला साप समजला असे म्हणावयास हरकत नाही. म्हणून आज त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे योजिले आहे. मात्र उत्तराचा पहिला भाग त्या मुलाला आवडणार नाही. ते पिल्लू त्याला पाळता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी सापांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, घरात बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे, मग तो साप विषारी असो वा बिनविषारी. हा कायदा सीमेच्या अलीकडे कर्नाटकात जेवढा लागू आहे तेवढाच पलीकडे महाराष्ट्रात. तेव्हा कागलच्या हद्दीत पकडून निपाणीत पाळला, असा युक्तिवाद कोणी करू नये!

परंतु पाळावयाचे नाही म्हणून सापाचे घर जाणून घ्यावयाचे नाही, असे थोडेच आहे? वनखात्याचा माणूस येईपर्यंत बरणीतले पिल्लू तास-दोन तास जगवावे लागते. शिवाय काही परदेशी साप योग्य त्या नोंदणीनंतर कायदेशीरपणे पाळता येतात, आणि बेळगाव-कोल्हापूरसारख्या शहरांतील तरुणांना त्यांचे आकर्षण वाटू लागले आहे. त्यांच्याविषयीही बोलावयाचे आहे.

साप हा स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करून ती टिकवू शकत नाही. आपण भाकरी खातो आणि तिचा मोठा भाग अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. सापाला तो खर्च नाही, म्हणून आठवड्यातून एक उंदीर त्याला पुरतो. पण या काटकसरीची किंमत त्याला दुसऱ्या रीतीने मोजावी लागते. ऊब हवी तर त्याला उबेकडे जावे लागते, गारवा हवा तर गारव्याकडे. खाल्लेले पचविण्यासाठी तो तापलेल्या दगडाजवळ सरकतो, अंग तापले की बिळात शिरतो. कात टाकावयाची वेळ आली की दमट जागा शोधतो. भ्याला की अंधार शोधतो, आणि नुसता अंधार नव्हे, तर अंगाला चारी बाजूंनी स्पर्श होईल अशी अरुंद सांद. दिवसभर तो ऊन-सावली, कोरडे-ओले, उघडे-झाकलेले यांमधून निवड करीत असतो. ही निवड म्हणजेच त्याचे जगणे होय. सापाच्या घरात बाकी काही नसले तरी चालेल, पण निवडीला वाव हवा. आणि बंद पेटीत नेमकी तीच गोष्ट प्रथम नाहीशी होते.

माणसाने सापाला आजवर ज्या ज्या भांड्यांत कोंडले ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. गारुड्याची वेताची करंडी सर्वांना ठाऊक आहे. तीत अंधार होता, हवा होती, आणि तेवढेच होते. नागाचे दात उपटलेले असत, कधी तोंड शिवलेले असे. पाणी नाही, भक्ष्य नाही, आणि नागपंचमीला दारोदार दूध. साप हा दूध पिणारा प्राणी नव्हे. अनेक दिवस तहानलेला साप दूधही पाणी समजून पितो, आणि ते त्याला पचत नाही. करंडीतला नाग डोलताना दिसे तो पुंगीच्या सुरावर नव्हे. हलत्या पुंगीवर तो नजर ठेवून असे.

आपल्यापासून फार दूर नाही असे बत्तीस शिराळा हे सांगली जिल्ह्यातील गाव. तेथे नागपंचमीच्या आधी शेताशिवारांतून नाग धरून आणीत आणि मातीच्या मडक्यात ठेवीत, मडक्याचे तोंड कापडाने बांधीत. सण झाला की पुन्हा शिवारात सोडीत. या शतकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर त्या प्रथेवर बंधने आली, आणि माझ्या मते ती योग्यच आहेत. मिरवणुकीचा गोंगाट व हाताळणी यांतून नागाचे हाल झाल्यावाचून राहत नाहीत. पण मडक्याविषयी दोन शब्द चांगले बोलले पाहिजेत. तमिळनाडूत महाबलिपुरमजवळ इरुळा जमातीच्या सर्पधारकांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला होता. सर्पदंशावरील लस तयार करण्यासाठी लागणारे विष ही मंडळी काढतात, आणि त्यांचेही साप मडक्यांतच असतात! तळाशी वाळू, तोंडाला सुती कापड, वर दोरी. मातीच्या भांड्यातून ओल झिरपते, त्यामुळे आत थंडावा राहतो, अंधार असतो, गोल भिंतीला अंग टेकवून वेटोळे करता येते. काही आठवडे ठेवून, ठरावीक वेळा विष काढून, ते साप पुन्हा रानात सोडले जातात. काही आठवडे, हे येथे महत्त्वाचे. मडके ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. तेथे गारवा आहे पण ऊब निवडता येत नाही.

सगळ्यांत वाईट भांडे कोणते म्हणाल तर आपल्या त्या मुलाची काचेची बरणी. मुलाला पिल्लू चारी बाजूंनी दिसते, म्हणून ती त्याला आवडते. पिल्लालाही चारी बाजूंनी मुलगा दिसतो, आणि म्हणून ते भीतीने काचेवर तोंड आपटीत राहते. त्यातून कोणी ती बरणी 'त्याला ऊन मिळावे' म्हणून खिडकीत ठेवली, तर काचेतून आत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि थोड्याच वेळात पिल्लू मरते. दरवर्षी कितीतरी पिल्ले अशा प्रेमाने मरत असतील.

तेव्हा बरणीत आलेल्या पिल्लाचे काय करावे? प्रथम, त्याला हात लावू नये, आणि ते ओळखण्याची हौस तर मुळीच करू नये. ही सूचना मी जरा आग्रहाने करीत आहे, कारण आपल्या भागात दोन गफलती जिवावर बेततात. कवड्या नावाचा एक बिनविषारी साप घरांतून वावरतो. पालींच्या शोधात भिंतीही चढतो. त्याच्या अंगावर पांढरट-पिवळट पट्टे असतात. मण्यारीच्या अंगावरही पांढरे पट्टे असतात. पुस्तकात सांगतात की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि मण्यारीचे मानेपासून काही अंतरावर. मोठ्या सापाच्या बाबतीत हे पुष्कळसे खरे आहे. पण मण्यारीच्या पिल्लात पट्टे पुढेपर्यंत स्पष्ट असू शकतात, आणि पुस्तक तेथे दगा देते. दुसरी गफलत घोणशीची. डुरक्या घोणस हा आखूड शेपटीचा बिनविषारी साप, अजगराचे पिल्लू आणि खरी घोणस ही तिन्ही ठिपक्याठिपक्यांची, जाडसर, मंद चालीची. 'अजगराचे पिल्लू' म्हणून उचललेली घोणस चावल्याची उदाहरणे घडलेली आहेत. आणि पिल्लू आहे म्हणून विष नाही असेही नव्हे. अंड्यातून बाहेर पडलेला नाग पहिल्या दिवसापासून फणा काढतो आणि दंशही करू शकतो.

आपल्या सीमाभागात नावांचा घोळ आणखी एक भर घालतो. आपली धामण ती कन्नडमध्ये केरे हावु, आपली मण्यार ती कट्टु हावु, आपली घोणस ती कोळकु मंडल. शेजारी-शेजारी दोन भाषा बोलणाऱ्या दोन गड्यांनी एकाच सापाला दोन नावे दिली, की ऐकणाऱ्याला ते दोन साप वाटतात. वैद्यकीय उपचारापुरते तरी सुदैवाने नावावाचून अडत नाही, कारण आपल्याकडील सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे चालते. चावल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला भाग स्थिर ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व सरकारी रुग्णालय गाठावे. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर केला आहे.

असो. बरणीतल्या पिल्लाकडे वळू. बरणीचे झाकण घट्ट आहे ना आणि त्याला बारीक भोके आहेत ना, हे मोठ्या माणसाने पाहावे. झाकण उघडून आत काही घालण्याच्या फंदात पडू नये. बरणी घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावी. वर एखादे सुती फडके टाकावे, म्हणजे पिल्लू निवांत होते. दूध नको, किडे नकोत, बेडूक नको. एक-दोन दिवस अन्नावाचून सापाच्या पिल्लाचे काहीएक बिघडत नाही. मग वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे. पिल्लू बरणीत नसून खोलीत असेल तर त्याहून सोपे. खोलीतून बाहेर यावे, दार लावावे, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबावे आणि वाट पाहावी.

आता कायद्याने पाळता येणाऱ्या सापाविषयी. हल्ली ज्याचे नाव सर्वाधिक ऐकू येते तो बॉल पायथन. आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागांतील गवताळ प्रदेशात राहणारा हा लहान जातीचा बिनविषारी अजगर. भ्याला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो, म्हणून हे नाव. पूर्ण वाढ झाल्यावर तीन ते पाच फूट. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो येतो, आणि वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांप्रमाणे, असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्राशिवाय कोणी स्वस्तात देऊ लागला तर तो प्राणी कोठून आला, हे विचारावे. सप्टेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ७८ प्राणी सापडले; त्यांत ५५ बॉल पायथन होते. प्रवासी पेटीत कोंबलेल्या त्या पिल्लांची निवड करण्याची मुभा कितपत शिल्लक होती, हे सांगणे नको.

असे पिल्लू रीतसर घरी आणले, तर त्याची पेटी पिल्लाच्या आधी तयार हवी. पिल्लू आणून मग सुताराकडे जाणारे पुष्कळ असतात. पेटी काचेची चालेल, लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची त्याहून बरी, कारण तीत ओल व ऊब टिकते. पिल्लाला मोठी पेटी दिली तर ते घाबरते व खात नाही, असे पाळणारे सांगत आले आहेत. माझे मत असे, की ते घाबरते ते मोठेपणाला नव्हे, रिकामेपणाला. लांब पेटीत लपण्यास जागोजागी आडोसा असेल तर पिल्लू सुखाने राहते. साप सरळ पसरून पडू शकेल एवढी लांबी तर असावीच. झाकणाला कुलूप किंवा कडी हवी. नुसता वर दगड ठेवून भागत नाही. सापाचे डोके जेथून जाईल तेथून त्याचे सारे शरीर जाते, आणि फट शोधण्यास त्याच्यापाशी सबंध रात्र असते.

पेटीचे एक टोक उबदार आणि दुसरे त्या मानाने थंड, ही खरी गुरुकिल्ली. उबदार टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोकाला २५ ते २७. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर हवा, कारण आपल्या तळहाताचा अंदाज येथे कामाचा नाही. उष्णतेसाठी पेटीखाली चटईसारखी विजेची पट्टी मिळते. तिला थर्मोस्टॅट जोडल्यावाचून कधीही वापरू नये. सापाला पोटाखालच्या चटक्याची जाणीव वेळेवर होत नाही. तो भाजत असतानाही तेथेच पडून राहतो. याच कारणाने बाजारात मिळणारा विजेचा 'गरम दगड' टाळावा. दोन्ही टोकांना एकेक लपण्याची जागा असावी. एकच असेल तर सापाला ऊब आणि आडोसा यांत एकाची निवड करावी लागते आणि तो आडोसा निवडतो, मग अन्न पचो न पचो. कुंभाराकडची लहान कुंडी उपडी घालून तिला कडेला दार फोडले आणि कड घासून गुळगुळीत केली, की उत्तम बिळ तयार होते. विकतच्या प्लॅस्टिकच्या गुहेहून मला ते अधिक पसंत आहे. आतल्या सापाच्या अंगाला भिंत लागेल इतकेच ते लहान असावे.

तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा. आपल्याकडे तो रोपवाटिकांत सहज मिळतो. पिल्लू नवे असताना काही दिवस नुसते वर्तमानपत्र घातले तरी चालते, म्हणजे विष्ठा लगेच दिसते. देवदार-पाइनचा भुसा नको. त्यांतील तेलाने श्वासाला त्रास होतो. आणि निपाणीकरांना एक खास सूचना: तंबाखूच्या वखारीतील जुनी खोकी, गोणपाट, फळ्या यांतले काहीही पेटीसाठी वापरू नये. तंबाखूतील निकोटीन हे विष आहे आणि त्या धुळीत लहान जीव तगत नाही. पाण्याचे भांडे जड, न उलथणारे असावे आणि पाणी रोज बदलावे. हवेतील ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास ठेवावा. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात. त्या दिवसांत एका कुंडीत ओले शेवाळ ठेवावे. कात एकसंध निघाली तर ओलावा बरोबर होता. तुकड्यातुकड्यांनी निघाली, किंवा डोळ्यांवरची चकती तशीच राहिली, तर तो आपला दोष समजावा.

बेळगावचे हवामान या पाहुण्याला दोनदा अवघड जाते. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरच्या या गावी डिसेंबर-जानेवारीची पहाट गार असते, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर विजेची पट्टीही गेली. अशा वेळी पेटीवर घोंगडी टाकावी, बाहेरून कोमट पाण्याच्या बाटल्या लावाव्यात. एप्रिल-मेमध्ये उलट, पत्र्याच्या छपराखालील खोलीत कोणतीच पट्टी लागत नाही, उलट थंड टोक थंड ठेवणे हेच काम होऊन बसते. तेव्हा ओल्या मडक्याशेजारी पेटी ठेवण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते.

पिल्लू आणल्यावर आठवडाभर त्याला हाती घेऊ नये. पाच ते सात दिवसांनी एकदा, त्याच्या शरीराच्या जाडीएवढे मेलेले उंदराचे पिल्लू चिमट्याने द्यावे. जिवंत उंदीर सापाला चावतो. खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा हात नको. ही जात मधूनमधून खाणे सोडण्यासाठी प्रसिद्धच आहे. अशा वेळी आधी पेटीचे तापमान पाहावे, वजन टिपून ठेवावे, वजन घटत असेल तरच सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. आणि हे सारे किती काळ? वीस-तीस वर्षे सहज. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात २०२० साली एका मादीने अंडी घातली तेव्हा तिचे वय बासष्टच्या घरात मानले गेले होते. बारावीतला मुलगा आज जे पिल्लू मागतो ते त्याच्या लग्नानंतरही घरात असणार, ही गोष्ट भावी सुनेच्याही कानी घातलेली बरी. कंटाळा आला म्हणून हा साप मार्कंडेयच्या काठी सोडून देणे मात्र सर्वस्वी चूक आहे. तो येथला नाही.

येथला जो आहे, त्याची पेटी आपल्या शिवारातच मांडलेली आहे. शेताच्या बांधावरचे दगड दुपारी तापतात, हे त्याचे उबदार टोक. दगडाखालची माती गार असते, हे थंड टोक. बाजूला पाटाचे पाणी, घुशींची बिळे, उसाच्या फडातला उंदीर. एवढी सोय कोणत्याही काचपेटीत होत नाही. ती पेटी आपण दोन रीतींनी मोडतो. बांध कोरून कोरून नाहीसा करतो, आणि तोडणी झाली की पाचटाला काडी लावतो. त्या आगीत धामणी जळतात, त्यांची अंडीही जळतात. खोल बिळातले उंदीर मात्र वाचतात, आणि खोडव्यावर तेच तुटून पडतात. पाचट न जाळता सरीत पसरून कुजविले तर जमिनीला खत मिळते, ओल टिकते. कृषी खाते हे अनेक वर्षे सांगत आले आहे. सापांसाठी म्हणून त्याने सांगितलेले नाही, पण सापांनाही ते लागू पडते.

वनखात्याचा माणूस किंवा त्याच्याबरोबरचा सर्पमित्र ते पिल्लू घेऊन जातो, तेव्हा ते कोठे सोडणार, असे त्याला अवश्य विचारावे. दूर एखाद्या घाटात नेऊन सोडणे हे लोकांना पसंत पडते, पण सापाला नव्हे. अनोळखी मुलखात त्याला ना बीळ ठाऊक ना पाणी, आणि असे हलविलेले साप पुष्कळदा तगत नाहीत. जेथे सापडले त्याच्या आसपासचाच, वस्तीपासून थोडा बाजूचा बांध किंवा झुडूप हे योग्य ठिकाण होय. सुती पिशवीची गाठ सोडून तिचे तोंड झुडपाकडे ठेवतात आणि माणसे चार पावले मागे सरतात. पिल्लू लगेच बाहेर येईलच असे नाही. काही वेळ ते पिशवीच्या घडीतच दडून राहते, मग जीभ बाहेर काढते, आणि जवळच्या दगडाखालची सांद गाठते.